विमानं आपलीच होती

दादा, म्हणजे माझे वडील, लढाईबद्दल फार बोलत नसत. बोललेच तर एक वाक्य ठरलेलं असायचं: "विमानं आपलीच, बॉम्बही आपलेच, पडले आमच्यावर, आणि त्यातच आम्ही सुटलो." एवढं सांगून ते तपकिरीची डबी उघडत. पुढचं विचारलं तर "आता काय त्याचं" म्हणून विषय तिथेच मिटायचा. आपल्याच विमानांनी आपल्याच माणसांवर बॉम्ब टाकायचे आणि माणसं मरायच्याऐवजी सुटायची, हे गणित आम्हा पोरांना काही केल्या सुटत नसे. नानाकाकांनी त्याचा निकाल कधीच लावून टाकला होता. "इटलीच्या थंडीनं डोक्यावर परिणाम झाला त्याच्या," ते म्हणत, आणि दादा हसून तेही मान्य करत.

आमचं गाव महाडच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या खोऱ्यात. भात चार महिने पुरणार, उरलेल्या आठ महिन्यांसाठी मुंबईची गिरणी नाहीतर बेळगावची पलटण. त्यामुळे पारावर लढायांची कमी नव्हती. 1941 साली एरिट्रियात केरेनचा डोंगर चढून गेलेले होते. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे तर आमच्याच जिल्ह्यातले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात, बरोबरची माणसं पडल्यावर एकट्यानं मशिनगनवर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच कामी आले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. एसटीनं जाता-येता आम्ही तो बघायचो. अशा मुलखात लढाईतली जवळजवळ दोन वर्षं कैदेत काढून आलेल्या माणसाला काय किंमत? "हात वर करून आला" हे त्यांच्या पाठीमागे कुणीतरी म्हणायचंच. दादांच्या कानावर ते जात असणार. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि पारावरही फारसे बसले नाहीत.

मी हे सगळं खणायला लागलो ते इतिहासाच्या प्रेमानं नव्हे. दादा गेल्यावर काही वर्षांनी कळलं की दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आणि पेन्शन नसलेल्या सैनिकांना, त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अनुदान देतं. दादांना पेन्शन नव्हतीच. त्या काळी त्यासाठी पंधरा वर्षांची नोकरी लागायची आणि 1946 मध्ये पलटणी मोडल्या तेव्हा लाखो सिपाई मेडल आणि घरचं तिकीट घेऊन परतले, त्यातले ते एक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आईच्या नावानं अर्ज करायचा तर आधी सेवेचा पुरावा हवा. डिस्चार्जचं पुस्तक आईनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं, पण ट्रंक माळ्यावर, माळा लाकडी, आणि वाळवीला इंग्रजी येत नसलं तरी कागद चालतो. पुठ्ठे तेवढे उरले होते.

मेडलं मात्र होती. फडक्यात बांधलेली, काळी पडलेली. धाकट्या मुलीनं त्यातलं गोल मेडल हातात घेऊन कड उजेडात धरली आणि म्हणाली, "बाबा, इथे काहीतरी लिहिलंय." भिंग आणलं, मोबाइलचा टॉर्च लावला. कडेवर बारीक ठोकलेली अक्षरं: आधी आकडे, मग हुद्दा, मग इंग्रजी स्पेलिंगची मोडतोड झालेलं दादांचं नाव आणि शेवटी पलटण. आफ्रिका स्टारच्या पाठीवरही तोच आकडा. पुढे समजलं की दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश सैनिकांची मेडलं कोरी दिली गेली; हिंदी सैनिकांच्या मेडलांवर मात्र नंबर आणि नाव घातलं गेलं. सिपायाला गोऱ्यापेक्षा पगार कमी, रेशन वेगळं, पण या एका बाबतीत सरकारनं त्याच्यासाठी जास्त कष्ट घेतले, आणि त्याचे उपकार सत्तर वर्षांनी आमच्यावर झाले.

नंबर हाती आला की दारं उघडतात. नावानं काही होत नाही. आमच्या पट्ट्यातल्या पाच-सहा आडनावांचे आणि दहा-बारा पाळण्यातल्या नावांचे सिपाई कागदोपत्री शेकड्यांनी आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नोंदी बेळगावला. तिथे अर्ज केला. सभ्य, छोटं उत्तर आलं. पेन्शन नसलेल्या सैनिकांचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा लष्कराचा नियम आहे. 'लाँग रोल' नावाचं रजिस्टर तेवढं कायम ठेवतात. त्या रजिस्टरातली दादांची एक ओळ आम्हाला मिळाली: भरतीची तारीख, गाव, जिल्हा कुलाबा, दुसरी बटालियन, मुक्त झाल्याची तारीख. आईच्या कामाला तेवढं पुरलं. माझं समाधान होईना. दुसरी बटालियन म्हणजे 'काळी पाचवी'. तिच्यावर टोब्रुकला काय गुदरलं हे पुस्तकांतून ढोबळ ठाऊक होतं, पण दादांना तिथे उभं करून कधी वाचलं नव्हतं.

भाची इंग्लंडात असते. लंडनच्या कडेला क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. वाचकाचं कार्ड काढलं की कागद समोर येतात आणि मोबाइलनं फोटो काढायला पैसे पडत नाहीत. मध्यपूर्वेतल्या पलटणींच्या रोजनिशा, टोब्रुकच्या चौकशीचे कागद, असं तिनं शनिवारी शनिवारी जाऊन धाडलं. मी इथे सुट्टीच्या दुपारी ते मोठं करून वाचायचो. अधिकाऱ्यांची नावं सगळीकडे. सिपायांचे आकडे: इतके ठार, इतके जखमी, इतके बेपत्ता.

पण त्या कागदांत दादांची एक गोष्ट भेटली. लहानपणी आम्ही वाफ्याला चर खणत असलो की ते म्हणत, "नीट खोल खणा. आम्हाला बुजलेल्या चरीमागं बसवलं होतं." हे शेतीचं बोलणं वाटायचं. टोब्रुकभोवती तीसेक मैलांचा तटबंदीचा घेर होता. रणगाडे अडवायला खंदक, पुढे सुरुंग. 1941 साली ऑस्ट्रेलियन आणि इतर फौजांनी तो महिनोन् महिने लढवला. पुढे फेब्रुवारी 1942 मध्ये वरिष्ठ सेनापतींनी ठरवलं की पुन्हा वेढा पडला तर टोब्रुक धरून बसायचं नाही. मग दुरुस्ती कोण करतो? खंदकात वाळू भरत गेली. बरेच सुरुंग उपसून पश्चिमेला गझालाच्या फळीवर नेले. जूनमध्ये ती फळी मोडली आणि आयत्या वेळी हुकूम फिरला: टोब्रुक लढवा. आग्नेय बाजूला अकरावी हिंदी ब्रिगेड होती, तिच्यात कॅमेरन हायलँडर्स, सातव्या गुरख्यांची दुसरी बटालियन आणि काळी पाचवी.

20 जून 1942. पहाटे पाचनंतर स्टुका विमानं आली ती नेमकी मराठ्यांच्या तुकडीवर. विमानांपाठोपाठ तोफा, तोफांच्या धुराळ्यात जर्मन इंजिनियर खंदकावर वाट करायला, आणि सकाळ संपायच्या आत रणगाडे आत. रोमेलनं सगळी ताकद एका ठिकाणी लावायची ठरवली होती आणि ते ठिकाण म्हणजे दादांची बुजलेली चर. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण आफ्रिकी सेनापती क्लॉपर यांनी अख्खं टोब्रुक हवाली केलं. कैद झाले सुमारे 33 हजार, त्यांत हिंदी अडीच हजारांच्या आसपास. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनला रूझवेल्टच्या शेजारी बसलेले होते. बातमीची चिठ्ठी त्यांच्या हातात तिथे पडली.

हात वर करायचे की नाही हे एकवीस वर्षांच्या सिपायाला कुणी विचारलं नव्हतं. हे मला कागद वाचण्याआधीही समजायला हरकत नव्हती, पण पारावरची बोलणी लहानपणी ऐकली की अंगात मुरतात. खरं तर आमच्या पारालाच हे आधी उमगायला हवं होतं. आजीच्या माहेरचे एक आजोबा पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होते. 29 एप्रिल 1916 रोजी उपासमार होऊन ते ठाणं तुर्कांच्या हाती गेलं, तिथेही मराठ्यांच्या तीन पलटणी कैद झाल्या. वाळवंटातून चालवत नेलेले कैदी वाटेत किती मेले याला सुमार नाही. त्यांतल्या 117 नंबरच्या पलटणीला पुढे सरकारनं 'रॉयल' किताब दिला. त्या आजोबांचं नाव गावात आदरानं घेत. दादांच्या वाट्याला तो आदर आला नाही. कुतमध्ये पाच महिने लागले, टोब्रुकला एक दिवस. लोकांच्या हिशेबात फरक बहुधा तेवढाच.

घरची बाजू आत्यानं सांगितलेली. बेळगावहून 'बेपत्ता' म्हणून तार आली ती पावसात, लावणी चालू असताना. पाटलांच्या मुलानं वाचली. आजी चिखलातून वर आलीच नाही. लावणी संपवून संध्याकाळी घरी येऊन मग बसली. "रडली का?" मी विचारलं. आत्या म्हणाली, "मेलेलं कळलं की रडतात. बेपत्ताचं काय करायचं असतं ते कुणाला ठाऊक होतं?" पुढे कितीतरी महिन्यांनी रेडक्रॉसचं कार्ड आलं. छापील मजकूर, खाली दोन ओळी मराठीत, दुसऱ्या कुणाच्या हाताच्या. दादांना तेव्हा सहीपुरतंच येत होतं. आजीनं ते कार्ड देव्हाऱ्यात टाकासमोर ठेवलं. शाईवर हळदकुंकू पडून पडून ते वाचण्यापलीकडे गेलं, असं आत्याच सांगायची.

त्या काळातल्या सैनिकांच्या टपालाचं काय झालं हे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दिसतं. इंडिया ऑफिसच्या दप्तरात सेन्सॉरचे पाक्षिक अहवाल आहेत: मध्यपूर्वेतल्या हिंदी सैनिकांची पत्रं उघडून, त्यांतले उतारे इंग्रजीत करून वर पाठवलेले. लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी गाळलेलं. धान्य महागल्याची काळजी, जमिनीचे दावे, सुट्टी मिळत नाही, भावानं पैसे पोचल्याचं कळवलं नाही. साम्राज्याला धोका आहे का हे शोधायला बसलेल्या माणसांनी नकळत आपल्या खेड्यांचा संसार लिहून ठेवला. मूळ मराठी कागद कुठल्या चुलीत गेले देव जाणे.

बॉम्बच्या वाक्याचा उलगडा जिनिव्हानं केला. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीकडे युद्धकैद्यांची कार्डं आहेत, आणि वर्षातल्या ठरावीक वेळांना घरच्या लोकांचे अर्ज घेतात. नंबर, नाव, पलटण दिली आणि विसरून गेलो. बऱ्याच काळानं एक पान आलं. कैद: टोब्रुक. मग इटली, कॅम्प 91, आवेझ्झानो. मग जर्मनी, आनाबुर्ग. मग फ्रान्स, एपिनाल. मग स्वित्झर्लंड.

स्वित्झर्लंड! आमच्या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. दादांच्या लेखी सगळी गोरी माणसं आणि सगळा बर्फ म्हणजे इटली.

आवेझ्झानो मध्य इटलीत, आब्रुत्सोच्या डोंगरांत. हिंदी कैद्यांचा कॅम्प होता. दादा सांगायचे की खोक्यातून डाळ यायची, मसाला यायचा. तेही थाप वाटायचं. शत्रूच्या तुरुंगात डाळ? पण लंडनमधल्या इंडिया हाऊसमध्ये इंडियन कम्फर्ट्स फंडाच्या बायका हिंदी कैद्यांसाठी वेगळी पार्सलं बांधत होत्या, आणि त्यांत आपल्या जेवणाचे जिन्नस खरोखर असत. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं. पहारेकरी पसार झाले, कैदी डोंगरात पांगले. त्या डोंगरांतले मेंढपाळ दर हिवाळ्यात कळप घेऊन खाली मैदानात उतरणारे, हातावर पोट असलेले. पळालेल्या कैद्याला थारा दिला तर गोळी, असं जर्मनांनी जाहीर केलेलं. तरी त्यांनी दिला. "म्हातारी मक्याचं पीठ शिजवून द्यायची, घट्ट, आपल्या उकडीसारखं. मीठ बेताचं," हे दादांचं त्या देशाबद्दलचं सगळ्यात मोठं प्रवासवर्णन. पुन्हा पकडले गेले, तिथून जर्मनी.

इथे गावातली एक आख्यायिका निकालात निघते. "तुझ्या बापानं नेताजींशी हात मिळवला होता" असं मला शाळेत एकानं सांगितलं होतं आणि मी ते कॉलर ताठ करून पुढे सांगत असे. आनाबुर्गच्या कॅम्पमधून आझाद हिंदच्या जर्मनीतल्या पलटणीत माणसं गेली हे खरं. तिची संख्या तीन हजारांच्या घरात पोचली. पण नेताजी 8 फेब्रुवारी 1943 ला कील बंदरातून पाणबुडीनं पूर्वेकडे निघाले, आणि दादा त्या वर्षीचा सबंध उन्हाळा इटलीत होते. भेट होणं शक्य नाही. दादांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही आणि कधी खोडलीही नाही. हात वर केल्याच्या कुजबुजीवर तेवढं एक औषध त्यांना फुकट मिळत होतं. ते त्यांनी घेतलं असेल तर मला राग नाही.

एपिनाल हे पूर्व फ्रान्समधलं मोझेल नदीवरचं गाव. तिथल्या लष्करी बराकींत जर्मनांनी तीनेक हजार हिंदी कैदी ठेवले होते. 11 मे 1944 च्या दिवशी अमेरिकन बॉम्बफेकी विमानं तिथल्या रेल्वेवर आली आणि बॉम्ब बराकींवरही पडले. साठेक कैदी जागीच गेले. भिंती कोसळल्या, तारा तुटल्या, आणि जिवंत राहिलेले शेकड्यांनी रानात शिरले. विमानं आपलीच होती. बॉम्ब त्यांच्यावरच पडले. त्यातच ते सुटले. दादांच्या त्या वाक्यात एक अक्षर कमी-जास्त नव्हतं.

तिथून स्वित्झर्लंडची हद्द शंभरेक किलोमीटर. भाषा येत नाही, रंग लपत नाही, रस्त्यावर जर्मन. तरी पाचशेच्या आसपास हिंदी कैदी पलीकडे पोचले. 'द ग्रेट एस्केप' आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. त्यातल्या खऱ्या पळापळीत 76 जण बाहेर पडले, तिघे सुखरूप पोचले आणि 50 जणांना गोळ्या घातल्या. आपल्या पाचशेंवर सिनेमा नाही, आणि आमच्या घरात तर त्यांच्यातल्या एकाला आम्ही तपकीर ओढताना रोज बघत होतो.

ते पोचले ते एकट्याच्या हिमतीवर नव्हे. वाटेवरच्या फ्रेंच खेड्यांनी त्यांना गोठ्यात निजवलं, खायला घातलं, रात्री वाट दाखवली. एतोबों नावाचं एक छोटं प्रॉटेस्टंट खेडं त्यात आघाडीवर होतं. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला, बंडखोरांना साथ दिल्याच्या रागानं, जर्मनांनी त्या गावातले 39 पुरुष शेजारच्या शनबिए गावी नेऊन चर्चच्या भिंतीपाशी मारले. आमच्या वाडीत एवढे बाप्ये एका वेळी जमत नाहीत.

मला सरकारी दप्तरावर राग नाही. ते अधिकाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी आणि मेडलवाल्यांसाठी बनवलेलं असतं. दादांच्या पलटणीतले जे वाळवंटात पडले आणि सापडले नाहीत त्यांची नावं एल अलामीनच्या स्मारकावर आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत बापाचं नाव, गाव, तालुका, कुलाबा जिल्हा असं सगळं मिळतं. जगून परत आला त्याची एक ओळ, तीही नंबर ठाऊक असेल तर. बाकीचं त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं आणि ते ऐकताना आपण काकांचं ऐकतो. पळालेल्या कैद्यांचे जबाबसुद्धा क्यूला आहेत, पण ते इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना दुभाष्यामार्फत दिलेले. त्यांत मक्याच्या पिठाचं मीठ नाही.

आईचं अनुदान मंजूर झालं. जिनिव्हाचं पान मी तिला वाचून दाखवलं. तिनं गावांची नावं दोनदा म्हणून घेतली आणि म्हणाली, "पारावर जाऊन वाच." मी गेलो नाही, ज्यांना ऐकवायचं ते पारावर आता नाहीत. हे लिहितोय ते त्याऐवजी.

टोब्रुकच्या त्या अडीच हजारांपैकी काळ्या पाचवीची माणसं रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, बेळगावच्या गावांतून गेलेली होती. तुमच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल तर पितांबरीनं मेडल घासू नका, अक्षरं झिजतात. भिंग घेऊन कडेवरचा नंबर उतरवून घ्या. बेळगावला लाँग रोलसाठी लिहा आणि पकडला गेला होता असं कुणी कधी कुजबुजलं असेल तर जिनिव्हाला अर्ज करा. आणि घरात नव्वदीची कुणी आत्या असेल तर आधी तिच्याकडे जा; कागद थांबतात.